आरसा, सिरीज बल्ब आणि मागचं झाकण

घरी टीव्ही दुरुस्त करायला येणाऱ्या मेकॅनिकच्या पिशवीत पक्कड, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि एक आरसा असायचा. आरशाचं आजच्या मुलांना नवल वाटतं. झाकण काढून मेकॅनिक संचाच्या मागे बसलेला आणि चित्र पुढे. मग समोरच्या खुर्चीवर आरसा टेकवायचा आणि त्यात बघत मागचे हाइटचे, लिनिॲरिटीचे, होल्डचे प्रीसेट अलगद फिरवायचे. घरातली मंडळी पुढे उभी राहून ‘अजून थोडं, बास, बास, मागे घ्या’ असं सांगत असत, पण कुठलाही जाणता मेकॅनिक त्यांच्यावर विसंबत नसे. आता जुने संच हौसेने दुरुस्त करणारी तरुण मुलं त्या खुर्चीवर मोबाइल उभा करतात, सेल्फी कॅमेरा चालू करतात आणि त्यात बघत तेच प्रीसेट फिरवतात. मला हे दृश्य फार आवडतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं एक यंत्र पुन्हा उघडलं जातंय आणि उघडणाऱ्याला ते पोटासाठी करावं लागत नाहीये.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला प्रक्षेपण मिळू लागलं आणि पुण्याच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे राहिले, सगळे सिंहगडाकडे तोंड करून. मुंबईतले वरळीच्या मनोऱ्याकडे बघत. पेठेतल्या कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं की गड कुठे आहे हे अँटेनाच सांगायचे. वादळवाऱ्यात अँटेना फिरला की एकाने वर चढायचं, एकाने जिन्यात उभं राहायचं आणि एकाने टीव्हीसमोर, ‘आलं का?’, ‘गेलं!’, ‘आता आलं!’ हे निरोप मजल्यामजल्यावरून जायचे. टीव्हीचा परवाना असायचा, त्याची फी पोस्टात भरावी लागे. ईसीटीव्ही, टेलिव्हिस्टा, वेस्टन, क्राउन, बुश, डायनोरा, सॉलिडेअर, केल्ट्रॉन, अपट्रॉन, आपल्या राज्य सरकारचा मेल्ट्रॉन, अशी नावं होती. लाकडी खोकं, त्याला सरकतं शटर, शटरला कुलूप. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘छायागीत’. आणि मधेच प्रक्षेपण थांबलं की पडद्यावर ‘व्यत्यय’. दोष आपल्या संचात नाही, वरळीला आहे, हे त्या पाटीमुळे कळायचं आणि घराला हायसं वाटायचं.

आमच्या पेठेत दुरुस्तीचं एक छोटं दुकान होतं. शाळा सुटली की आम्ही काही मुलं तिथे रेंगाळत असू. दुकानाच्या मालकांना सगळे काकाच म्हणायचे. शनिवारी दुपारी त्यांच्याकडे बोलायला सवड नसायची, कारण संध्याकाळच्या चित्रपटाच्या आत संच घरी पोचायला हवा असे. पुढे २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी लोक त्यांना न्यायला घरी येऊन बसायचे. पावसाळा हा धंद्याचा मोसम. वर्षभर साठलेली धूळ दमट झाली की ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबला लागणाऱ्या अतिउच्च व्होल्टेजच्या, जोडणीभोवती चर्रचर्र आवाज यायचा, अंधारात निळसर ठिणगी दिसायची, आणि संच दुकानात. काका आधी ब्रशने सगळी धूळ काढायचे, त्या जोडणीवरची रबरी टोपी पुसायचे, सुकू द्यायचे. निम्मे संच तेवढ्यानेच बरे होत.

त्या दुकानात मी जे शिकलो त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही, की जुना टीव्ही आपला दोष स्वतः सांगतो. पडद्यावर मुंग्या आल्या, तर आधी अँटेना, वायर आणि ट्यूनर बघा. चित्र खालून वर पळतंय, तर व्हर्टिकल होल्ड. चित्र तिरक्या पट्ट्यांत फाटलंय, तर हॉरिझॉन्टल. काळ्या पडद्यावर मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ उरली असेल, तर व्हर्टिकल विभाग बंद पडलाय. तेव्हा पहिलं काम ब्राइटनेस कमी करण्याचं, नाहीतर त्या रेघेने ट्यूबचा लेप कायमचा जळतो. चित्राच्या कडा लाटेसारख्या डुलतात आणि आवाजात घूंऽऽ आहे, तर फिल्टर कपॅसिटर वाळलाय. आवाज ठणठणीत आणि पडदा काळा, तर ईएचटी तयार होतंय का आणि ट्यूबच्या मानेत हीटरची तांबूस ज्योत दिसते का, ते बघायचं. अशा संचाचं झाकण उघडण्याआधी अर्धं निदान झालेलं असे.

कानही कामाला यायचा. आपल्या पद्धतीत एका चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. त्या वेगाने काम करणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेकॅनिकांच्या बोलीतला एलओटी, एक बारीक शीळ घालतो. लहान मुलांना ती दाराबाहेरूनही ऐकू येई. कुणाकडे टीव्ही चालू आहे हे आवाज बंद असला तरी आम्हाला कळायचं. वय वाढलं की ती शीळ ऐकू येत नाही. काकांना ती ऐकू येत नसे, म्हणून ते आम्हाला विचारायचे, ‘शिट्टी वाजतेय का रे?’ वाजत असेल तर लाइन विभाग जिवंत. दुकानात आमची खरी गरज एवढ्यापुरतीच होती, पण त्याचा आम्हाला केवढा अभिमान होता.

आजच्या एलईडी टीव्हीत असं बोलणं फार कमी उरलं आहे. तो एकतर चालतो, नाहीतर बंद असतो. पॉवर सप्लाय, मेन बोर्ड आणि पॅनल. कारागीर बोर्ड बदलतो, आणि पॅनल गेलं असेल तर बहुतेक वेळा ‘नवाच घ्या’ म्हणतो. एक जुनी खूण मात्र इथेही सापडते. आवाज येतोय आणि पडदा काळा असेल, तर अंधारात पडद्यावर विजेरी तिरकी धरून बघावं. पुसट चित्र हलताना दिसलं, तर चित्र तयार होतंय आणि मागची बॅकलाइटची पट्टी गेली आहे. ती पट्टी बदलता येते. पण एवढ्या मोठ्या काचेचं पातळ पॅनल न तडकता उचलणं आणि परत बसवणं हे नवशिक्याचं काम नव्हे.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याबद्दल.

काकांच्या दुकानात येणाऱ्या शिकाऊ मुलाला आधी झाडलोट, मग खोकी पुसणं, मग स्क्रू काढून डब्यात ठेवणं, मग वायर जोडणं, अशा पायऱ्या असत. चालू संचाच्या आत हात घालायची परवानगी मिळायला फार काळ जाई. कुणी हे नियम लिहून ठेवले नव्हते. त्या सगळ्या काळात मुलगा रोज बघत असे की काका कुठे हात घालतात, कुठे घालत नाहीत, आणि घालण्याआधी काय करतात. आतल्या विजेचा धाक असा नकळत अंगात मुरत असे. आज तीन-चार मिनिटांच्या व्हिडिओत झाकण निघतं, एक कपॅसिटर बदलला जातो, चित्र येतं. माहिती खरी असते, कित्येकदा काकांच्या माहितीपेक्षा अचूक असते. पण मधल्या पायऱ्या त्यात नसतात. जुन्या आणि नव्या काळातला हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो.

जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हाही शॉक बसणं हा धंद्याचा भाग मानला जाई, आणि पेचकसाने ‘फट्ट’ आवाज काढून ट्यूबचा चार्ज उतरवणं ही दाखवायची करामत होती. त्यात शौर्य काही नव्हतं. संचाला घरच्या विजेपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मी त्या काळात एकाही छोट्या दुकानात पाहिला नाही. आज तो विकत मिळतो, चांगल्या इन्सुलेशनच्या तारांचा मीटर मिळतो, संरक्षक चष्मा मिळतो. जी सर्किट डायग्राम तेव्हा पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधावी लागत, ती घरबसल्या सापडतात. आर. आर. गुलाटींचं टीव्हीवरचं पाठ्यपुस्तक तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी वाचलं तसं आजही वाचता येतं. साधनं आजची आणि सबुरी कालची, असं जमलं तर हा छंद फार सुंदर आहे.

मग ती सबुरी कशी आणायची? पहिली पायरी टीव्हीची नाहीच. बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर रेडिओ उघडा. डाग, म्हणजे सोल्डर, देणं आणि काढणं त्यावर शिका. हात बसला की १२ किंवा १४ इंची काळा-पांढरा पोर्टेबल संच घ्या, आणि त्यातही ज्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर आहे आणि जो १२ व्होल्टवरही चालतो असा. त्याचं चॅसिस घरच्या विजेपासून वेगळं असतं. तरी त्याच्या ट्यूबवर दहा-अकरा हजार व्होल्ट असतातच. २० इंची काळ्या-पांढऱ्या संचात ते पंधरा हजारांच्या पुढे आणि रंगीत संचात पंचवीस हजारांच्या आसपास जातात. रंगीत संच सगळ्यांत शेवटी.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या संचांत चॅसिस थेट घरच्या विजेला जोडलेलं असतं. कुठे दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळा धातू फेजवर येतो, तर जिथे ब्रिज रेक्टिफायर आहे तिथे प्लग कसाही बसवा, चॅसिस जिवंतच असतं. लाकडी खोकं आणि प्लॅस्टिकची बटणं ही तेव्हा शोभेसाठी नव्हती, माणसाला चॅसिसपासून दूर ठेवण्यासाठी होती. म्हणून असा संच उघडून चालवायचा तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. आणि इथे एक गैरसमज मी पुन्हा पुन्हा ऐकतो: सिरीज बल्ब लावला की आपण सुरक्षित. सिरीज बल्ब संचाला वाचवतो, माणसाला नाही. जुन्या मेकॅनिकांची ही युक्ती उत्तम आहे. शंभर वॅटचा तारेचा बल्ब संचाच्या आधी जोडायचा, आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बाकीचं जळत नाही. पण बल्बमधून जाणारा प्रवाह माणसाचा जीव घ्यायला भरपूर पुरतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरही पूर्ण विसंबू नये. त्याच्या पुढे शॉक बसताच वीज तोडणारा घरातला आरसीसीबी तुमच्यासाठी पडत नाही, आणि दोन्ही तारा दोन हातांत आल्या तर कुठलंच यंत्र मदतीला येत नाही. म्हणून काकांचा नियम: ‘चालू संचात एकच हात, दुसरा खिशात.’ अंगठी, घड्याळ, कडं आधी काढून ठेवायचं. पायाखाली कोरडा रबर. आणि मेन स्विच कुठे आहे हे ठाऊक असलेलं दुसरं माणूस घरात हवं. एकट्याने उघडा संच चालू करायचाच नाही.

बंद संचही भरलेला असतो, हे नवशिक्याला पटायला वेळ लागतो. २३० व्होल्टची वीज रेक्टिफाय झाली की मुख्य कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. तो पेचकसाने शॉर्ट करायचा नाही. दोन-एक किलोओहम, दहा वॅटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या तारांना जोडून त्यातून उतरवायचा, मग मीटर लावून शून्य बघायचं, आणि शून्य दिसल्यावरच हात लावायचा. ट्यूबचं तर आणखी वेगळं. तिच्या काचेच्या आतला आणि बाहेरचा काळा लेप मिळून ती स्वतःच कपॅसिटर असते. प्लग काढल्यावर, ट्यूबच्या बाहेरून गेलेल्या उघड्या तारेच्या पट्टीला जोडलेल्या इन्सुलेटेड साधनाने रबरी टोपीखाली चार्ज उतरवायचा. उतरवल्यावर काही मिनिटांनी पुन्हा उतरवायचा, कारण काचेत मुरलेला चार्ज परत वर येतो. नवशिक्याने हे काम पहिल्यांदा जाणत्याच्या समोर करावं, व्हिडिओ बघून नाही. साधा मीटर ट्यूबच्या टोपीला किंवा चालू संचातल्या लाइन आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला कधीही लावू नये. तिथले व्होल्टेज त्याच्या कुवतीबाहेरचे असतात.

आणि ट्यूबची मान. आत निर्वात पोकळी, बाहेर हवेचा दाब, आणि मान सगळ्यांत नाजूक. तिला धरून संच किंवा ट्यूब उचलायची नाही. ट्यूब काढायची वेळ आली तर चष्मा, पूर्ण बाह्या, जाड हातमोजे, आणि तोंड खाली करून जाड घोंगडीवर ठेवायची. मला विचाराल तर पहिली काही वर्षं ट्यूब काढण्याची वेळ येईल असं काम हातीच घेऊ नये.

एवढं वाचून कुणी घाबरून मागे सरलं तर मला वाईट वाटेल. कारण या संचांचे बरेचसे आजार साधे असतात. एलओटीच्या पायांशी डाग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुटतो, भिंगातून बघितलं तर पिनेभोवती बारीक गोल तडा दिसतो. नवीन डाग दिला की संच उभा राहतो. वाळलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर काही रुपयांत मिळतात. फिरत्या ट्यूनरचे काळे पडलेले संपर्क पुसले की मुंग्या जातात. ही सगळी कामं प्लग काढून, चार्ज उतरवून, थंड संचावर करायची आहेत. चालू संचात हात घालायची गरज नवशिक्याला क्वचितच पडते.

संच सुरू झाल्यावर मात्र एक वेगळीच अडचण येते. बघायचं काय? प्रसार भारतीने जमिनीवरचं ॲनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केलं आणि २०२२ पर्यंत मोजके अपवाद सोडता सगळी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं थांबली. गच्चीवरचा अँटेना असला तरी सिंहगडाकडून त्याला काही येणार नाही. जुन्या काळ्या-पांढऱ्या संचाला फक्त अँटेनाची जागा असते, म्हणून मधे आरएफ मॉड्युलेटर लागतो. जुन्या व्हीसीआरच्या पोटातला चालतो. त्याला फ्री डिशचा डबा किंवा आणखी कुठलं एव्ही यंत्र जोडलं की चित्र येतं. त्या पडद्यावर आज काय लावायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दुरुस्त झालेल्या संचावर जुन्या दूरदर्शनचं काही लावलं की घरातली म्हातारी माणसं आपोआप जवळ येऊन बसतात, हे मात्र अनेकदा पाहिलं आहे.

या कामाला फार वेळ हातात नाही. नवी ट्यूब आता मिळत नाही. जुन्या बाजारात आलेल्या संचांतूनच सुटे भाग काढावे लागतात. त्यांतले बहुतेक संच तांब्यासाठी फोडले जातात, आणि ट्यूबच्या काचेत शिसं असतं, ते कचऱ्यात आणि मातीत जातं. संच मेलाच असेल तर तो भंगारवाल्याच्या हातोडीखाली देऊ नका. अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. पण त्याआधी तो खरंच मेला आहे का, हे एखाद्या जाणत्याला विचारा.

अशी जाणती माणसं अजून प्रत्येक शहरात, तालुक्याच्या गावी आहेत. त्यांच्या दुकानांवर आता मोबाइलच्या कव्हरांची पाटी असेल, किंवा दुकान बंद करून ती घरी बसली असतील. त्यांच्याकडे जा, सोबत नमस्कार आणि भरपूर प्रश्न न्या, आणि शेजारी बसवून शिकवाल का असं विचारा. बहुतेक जण आनंदाने शिकवतील. आणि तुमच्या माळ्यावर एखादा जुना संच असेल, तर कितीही मोह झाला तरी खाली काढल्या काढल्या त्याचा प्लग भिंतीत घालू नका. आधी त्याची धूळ झाडा, वायर उंदरांनी कुरतडली आहे का ते बघा, आणि त्या माणसाला बोलावून आणा.